जुनी जीप, जुना ट्रॅक्टर आणि घरची वही

तुमच्या घरी, निदान गावच्या घरी, एखादी जुनी जीप आहे का? किंवा सासऱ्यांनी हौसेने घेतलेला आणि आता रंग उडालेला ट्रॅक्टर? असेल, तर पुढचा प्रसंग तुमच्या ओळखीचा असणार.

आपण राहतो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. शेती पंधरा-वीस किलोमीटरवर, ती दीर पाहतात. मृगाच्या तोंडावर त्यांचा फोन येतो, "वहिनी, दादाला सांगा, ट्रॅक्टर चालू होत नाहीये. मिस्त्री म्हणतोय, इंजिन उघडावं लागेल. तीसेक हजार तरी धरून चला." मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे मग इंजिनात जातात. आपण मनात म्हणतो, 'त्या यंत्रातलं आपल्याला काय कळतंय?' आणि मुकाट्याने कपाट उघडतो.

पण भगिनींनो, खरेच का आपल्याला काही कळत नाही? कुकरची रबरी रिंग कधी बदलायची, शिलाई मशीनला तेल कुठे घालायचे, मिक्सरचा आवाज बदलला की काय समजायचे, हे सगळे आपण बिनचूक ओळखतो. जुन्या ट्रॅक्टरला आणि जीपलाही हीच नजर लागते. इंजिन उघडायचे काम मिस्त्रीचेच. ते उघडायची पाळी येऊ नये म्हणून जे करावे लागते, ते मात्र घरातले कोणीही करू शकते किंवा करवून घेऊ शकते. आणि खर्चाची खरी बचत तिथेच आहे.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

ही जुनी यंत्रे मुळात साधी आणि दणकट. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत अमेरिकन विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्याच नमुन्यावरच्या जीपा पुढे कित्येक वर्षे आपल्या खेडोपाडी धावल्या. १९६३ साली महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला, आणि त्यांचा 'बी-२७५' हा ट्रॅक्टर घराघरांत पोचला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तर १९०३ सालचा, आणि त्यांचा पुण्याचा डिझेल इंजिनांचा कारखाना १९४६ पासूनचा. विहिरीवर टुकटुक करणारे इंजिन म्हणजे किर्लोस्कर, असे समीकरणच झाले होते.

या यंत्रांत संगणक नाही, चिप नाही. चार पाने, एक हातोडा आणि जाणता हात एवढ्यावर ती उघडता येतात आणि परत जोडता येतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, पण त्यांचे ट्रॅक्टर अजून शेतात राबताना दिसतात, ते याच साधेपणामुळे.

मग ही यंत्रे बंद का पडतात? वयामुळे क्वचितच. त्यांचे शत्रू तीन : धूळ, पाणी आणि 'उद्या बघू'.

लोणच्याची बरणी आठवा

लोणच्याच्या बरणीला आपण ओला हात लावू देत नाही. डिझेलच्या डब्याला आणि ऑइलच्या नरसाळ्याला तोच नियम लावा. उघडे पडलेले नरसाळे, त्यावर बसलेली माती, आणि तसेच ते टाकीला लावले, की ती माती थेट डिझेल पंपात आणि नोझलपर्यंत जाते. हे भाग फार बारीक मापाचे असतात. कण गेला की पंपवाल्याकडे खेप ठरलेली, आणि तिथले बिल काही साधे नसते. झाकणाचा डबा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले नरसाळे, एवढ्याने ते वाचते.

टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतल्या वाफेचे पाणी होते आणि ते डिझेलमध्ये उतरते. डिझेल फिल्टरखाली काचेची वाटी असेल तर तळाशी जमलेले पाणी डोळ्यांना दिसते. ते वेळच्या वेळी काढायला सांगावे.

हवेच्या फिल्टरचेही असेच. जुन्या ट्रॅक्टरला आणि पुष्कळ जुन्या जीपांना 'ऑइल बाथ' फिल्टर असतो. खाली वाटीत ऑइल, त्यावरून हवा जाते आणि धूळ ऑइलमध्ये अडकते. नांगरणीच्या आणि मळणीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडून पाहावी. ऑइल चिखलासारखे दाट झाले असेल तर वाटी डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर मात्र नको, जास्तीचे ऑइल इंजिन ओढून घेते. वाटीभर ऑइलचा खर्च तो काय! पण तेवढा वाचवायला गेले तर पिस्टन, रिंगा आणि लायनर घासून जातात, आणि मग येतो तो तीस हजारांचा फोन.

रोजची पाच मिनिटे

भावजींना किंवा ड्रायव्हरला सांगायला ही यादी कागदावर लिहून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा :

१) इंजिन बंद असताना, सपाट जागेवर, ऑइल मोजायची पट्टी काढून पुसावी, परत घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे.

२) रेडिएटरचे पाणी इंजिन थंड असतानाच पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, आपल्या पातेल्याला धरतात तसेच. म्हणून कूलंट आणि स्वच्छ मऊ पाणीच वापरावे. बाहेरच्या जाळीत अडकलेला भुसा रोज झटकावा.

३) ग्रीसच्या प्रत्येक निपलला आधी फडके, मग ग्रीस. न पुसता ग्रीस मारले तर ग्रीसबरोबर मातीही सांध्यात जाते.

४) चाकांचे नट आणि टायरची हवा पाहावी.

५) जमिनीवर रात्रीतून ठिपका पडला आहे का, आणि तो कशाचा आहे, हे पाहावे. काळा डाग इंजिन ऑइलचा असू शकतो, नुसते पाणी किंवा रंगीत पाणी रेडिएटरचे. ब्रेकच्या ऑइलचा डाग चाकाजवळ दिसला, तर गाडी तिथेच उभी करावी.

बॅटरीचे काम तर आपण स्वतः करू शकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे. तेव्हा बॅटरीची झाकणे घट्ट बंद हवीत. मग कोरडे पुसून वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. पण हात लावण्यापूर्वी बांगड्या, अंगठी आणि लोंबते मंगळसूत्र काढून ठेवा, बरं का! धातू दोन्ही टर्मिनलना एकदम लागला तर तो क्षणात लाल होतो. वायर सोडवताना वजा खुणेची आधी सोडवायची आणि जोडताना शेवटी जोडायची. जवळ काडी ओढू नये. बॅटरीत घालायचे पाणी डिस्टिल्डच हवे, पिण्याचे फिल्टरचे चालत नाही.

धूर आणि ऑइल बोलतात

तव्यावरचा धूर पाहून आपल्याला कळते ना, तेल जास्त तापले की पोळी करपली? इंजिनचा धूरही असाच वाचता येतो.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवेचा फिल्टर चोंदला असेल, नोझल बिघडले असेल, किंवा इंजिनावर झेपेना इतके ओझे असेल. मिस्त्रीला इंजिन उघडू देण्यापूर्वी फिल्टर साफ करून पाहावा, कित्येकदा तेवढ्याने भागते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हकडचे सील गेले असण्याचा संभव. थंडीच्या सकाळी पहिली दोन मिनिटे पांढरा धूर आला तर घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणीही कमी होऊ लागले, तर हेडचे गॅस्केट तपासायला हवे.

पट्टीवरचे ऑइल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते फार पातळ होऊन त्याला डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळते आहे. दोन्ही वेळा इंजिन मुळीच चालवू नये. त्या दिवशीचे काम अडले तर एका दिवसाचे नुकसान, पण तसेच रेटले तर क्रँकपर्यंत सगळे जाते.

जीपची पथ्ये

जीपला गंजाची बाधा मोठी. ताडपत्री गळते, पाणी पायाखालच्या मॅटमध्ये मुरते आणि खालचा पत्रा आतून कुजतो. पावसाळ्यात मॅट काढून ठेवावी, तळाची पाणी जायची भोके काडीने मोकळी करावीत. समुद्रकाठी गाडी नेली असेल तर परत आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी. गंजलेला भाग घासून, रेड ऑक्साइड लावून मगच रंग द्यावा. नुसता वरून रंग म्हणजे ओल न काढता भिंतीला चुना फासणे!

गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली असेल, तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे आणि गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ झाले नाही ना, हे पाहून घ्यावे. जुन्या जीपचा फोर-व्हील कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये, आतले गिअर एकमेकांत आवळतात. तो चिखलासाठी, वाळूसाठी. पण अजिबात न वापरता ठेवला तरी अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडे अंतर लावून चालवावी.

मिस्त्रीशी व्यवहार

चांगला मिस्त्री म्हणजे चांगल्या डॉक्टरसारखा. त्याला सारखा बदलू नये. पण व्यवहार चोख ठेवावा. काम सुरू होण्यापूर्वी मजुरी आणि सामान यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. "उघडल्यावर कळेल" असे तो म्हणाला तर त्याचेही बरोबर आहे. मात्र "उघडल्यावर आधी फोन करा, मग पुढे जा" एवढे बजावावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. त्यात अविश्वासाचे काही नाही. तोच भाग नमुना म्हणून दुकानात दाखवला की चुकीचे माप गळ्यात पडत नाही. उघडण्यापूर्वी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले तर जोडताना वायसर नि बोल्ट उरत नाहीत.

सामान पक्क्या बिलावर घ्यावे. जुन्या बाजारातून, म्हणजे मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून, जीपचे दरवाजे, बॉनेट, सीट, दिव्यांची घरे, गिअरबॉक्सचे कवच असे भाग घ्यायला हरकत नाही. पण ब्रेकचे लायनर, ब्रेकचे रबरी पाइप, ऑइल सील, बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर कधीही वापरलेले घेऊ नयेत. इथली काटकसर माणसाच्या जिवावर बेतते.

पदर सांभाळा

शहरात राहणाऱ्या आपण सुट्टीत शेतावर जातो, मळणी चाललेली असते, मुले भोवती असतात. ट्रॅक्टरच्या मागे यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा असतो, त्याला पी.टी.ओ. शाफ्ट म्हणतात. त्याचा ठरलेला वेग बहुधा मिनिटाला ५४० फेरे. म्हणजे सेकंदाला नऊ! पदराचे टोक किंवा ओढणी त्यात गुंतली तर 'थांबवा' म्हणण्याइतकाही अवकाश मिळत नाही. त्यावर झाकण असते, पण जुन्या ट्रॅक्टरचे ते बहुधा कधीच हरवलेले. यंदा दुसरे काही करू नका, पण ते झाकण बसवून घ्या. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा, आणि चालू शाफ्ट कोणालाही ओलांडू देऊ नका. मळणी यंत्रांत हात जाऊन इतके अपघात झाले, की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

आणखी तीन गोष्टी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये. चाकांना उटी आणि गाडीखाली जाड लाकडी ओंडके हवेत, विटा फुटतात. विहिरीवरचे इंजिन बंद खोलीत चालवू नये, त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. आणि लग्नाला, जत्रेला ट्रॉलीत माणसे भरून नेऊ नयेत. अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणे कठीण होते, ते दुःखावर डागणी.

कागद कोणाच्या नावावर आहेत?

कपाटातले पुस्तक एकदा काढून पाहा. जीप अजून आजेसासऱ्यांच्याच नावावर नाही ना? मालक वारले तर आर.टी.ओ.ला ३० दिवसांत कळवावे लागते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. हे राहून गेले की विम्याचा दावा अडतो, गाडी विकताना सगळ्या भाऊबंदांच्या सह्या गोळा करत फिरावे लागते. २०२१ पासून आर.सी.वर वारसदाराचे नाव आधीच नोंदवून ठेवण्याची सोय आहे. ती करून घ्या आणि तिथे आपले नाव आहे ना, हेही विचारा. विचारण्यात संकोच कसला?

खासगी जीपची आणि शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. म्हणजे १५ वर्षे झाली की गाडी आपोआप भंगारात, हा समज चुकीचा. दिल्ली परिसरातल्या बातम्या वाचून घाईने विकू नका. मात्र नूतनीकरणाचे शुल्क जुन्या गाडीला जास्त आहे, ते विचारून हिशेबात धरावे.

ठेवायचा की काढायचा?

आता मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर मिस्त्री देऊ शकत नाही, भावजी देऊ शकत नाहीत. ते देते वही. दुधाची, वाण्याची वही आपण ठेवतोच. त्यात आणखी एक घाला. तारीख, किती तास चालला, काय काम केले, सामान किती, मजुरी किती, पाचच रकाने. तासांचे मीटर बंद असेल तर ड्रायव्हरने घड्याळ पाहून लिहावे. ऑइल बदलायची वेळही तासांवरच ठरते. कंपनीच्या पुस्तकात ती दिलेली असते.

वर्षाअखेर बेरीज करा. समजा ऑइल, फिल्टर, टायर, मिस्त्री आणि विमा मिळून ४५,००० रुपये झाले, आणि ट्रॅक्टर ३०० तास चालला. म्हणजे तासाला १५० रुपये. त्यात डिझेल आणि ड्रायव्हर मिळवा आणि गावातल्या भाड्याच्या ट्रॅक्टरच्या दराशी ताडून पाहा. आपला स्वस्त पडत असेल तर जुना म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. थोडा महाग पडला तरी आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पावसानंतर वाफसा येतो तो चार दिवस. तेव्हा सगळ्यांनाच पेरणी करायची असते आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळेलच असे नाही. दाराशी ट्रॅक्टर असण्याची किंमत तेव्हा कळते.

पण वही उलटेही सांगू शकते. चालला साठ तास आणि खाल्ले पन्नास हजार, तर तो ट्रॅक्टर नव्हे, आठवण आहे. दुरुस्तीचा आकडा चालू बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की थांबावे आणि दुसऱ्या मिस्त्रीचे मत घ्यावे. जीपच्या चॅसिसला, विशेषतः पाटे जिथे बसतात तिथे, स्क्रू-ड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला, तर त्या गाडीवर पैसा घालू नये. भंगारात द्यायचीच असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि आर.टी.ओ.तली नोंद रद्द करावी. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नंबरप्लेटसकट देऊन टाकली आणि पुढे तिचा गैरवापर झाला, तर पोलीस आपल्याच दारात येतात.

सासऱ्यांनी घेतलेला ट्रॅक्टर विकायचा म्हटले की घरात डोळे भरून येतात. ते समजण्यासारखे आहे. पण अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा वही पुढे ठेवावी. "मला वाटतं" म्हटले की भांडण होते. "तीन वर्षांत एवढे गेले" म्हटले की माणसे विचार करू लागतात. आणि वहीने ट्रॅक्टरच्या बाजूने कौल दिला, तर तेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे हो!

तेव्हा पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा पिशवीत डब्याबरोबर तीन गोष्टी घ्या : एक कोरी वही, जुन्या सुती साडीची स्वच्छ फडकी आणि व्हॅसलिनची बाटली. आधी पट्टीवरचे ऑइल पाहा, मग फिल्टरची वाटी, मग पी.टी.ओ.चे झाकण. जे दिसेल ते तारखेसह पहिल्या पानावर लिहा, आणि भावजींना म्हणा, "पुढचं पान तुम्ही लिहायचं."